अन्वयला कोल्ड्रिंक कोण पाजतं?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मुलांचे गुपचूप लाड कोण करतं, ते एकदा बघाच.

आज सकाळी मी आणि नवरा सहा वर्षांच्या अन्वयला इंदिरानगरमध्ये डेंटिस्टकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, "कोल्ड्रिंक रोज पितो का? साखरेने दाढा किडल्यात आणि पुढच्या दातांचं आवरणही झिजलंय."

"आमच्या घरात बाटली येतच नाही," मी ठणकावून सांगितलं. नवरा मोबाईलमध्ये बघत होता.

मग पाजतं कोण? माझा संशय थेट सासूबाईंवर. भाजीला पंचवटीत जाताना त्या अन्वयला बरोबर नेतात.

घरी येताच मी विचारलं, "आई, खरं सांगा, याला कोल्ड्रिंक तुम्हीच देता ना?"

त्यांचा चेहराच उतरला. "अगं, मी ताक देते त्याला. हट्ट केला तरी बाटली घेऊन देत नाही."

तेवढ्यात अन्वय म्हणाला, "आजी नाही, पप्पा देतात. स्विमिंगवरून येताना. मम्मीला सांगायचं नाही, असं ठरलंय आमचं."

नवरा पुटपुटला, "पोहून दमतो गं तो. अर्धीच बाटली असते."

मी सासूबाईंची माफी मागितली. त्या "असू दे" म्हणाल्या, पण जेवायला ताट घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

दाढांवर उपचार होतील. पण दवाखान्यात माझ्या शेजारी बसून हा माणूस गप्प राहिला, आईवर आळ आला तरी गप्पच! आता वाटतंय, या बापलेकांचं आणखी काय काय ठरलंय?

तुमच्या मुलांना "मम्मीला सांगू नको" असं कोण सांगतं?