सवतीच्या तोंडाचं पेन

आमची आज्जी रुक्मिणबाई मागच्या महिन्यात गेली. घर सुनं सुनं वाटून राहिलंय. कुनी कशाला नाव ठिवना, कुनी कशाचा वास घिऊन बगंना.

तिला सगळ्याचाच शक. दूधवाल्यानं दूध घातलं की नखावर थेंब धरायची, उतरतो का बगायची. लग्नाच्या पंगतीत लाडू आदी फोडायची, आत काय हाय ते बगायची, मग तोंडात. एकदा दवाखान्यात डाक्टरनं गोळी दिली तर म्हनली, "आदी तुमी खा." डाक्टर हसला. ही हसली न्हाई. शेवटी त्या बिचाऱ्यानं एक गोळी खाल्ली तवा हिनं घेतली.

आन तिच्या गळ्यात, डोरल्याच्या खाली, काळ्या दोऱ्यात एक बोटाएवढी जाड नळी. काळी, वरून हळदीनं पिवळी झालेली. आमी लहानपनी इचारायचो, आज्जी हे काय गं? ती म्हनायची, "सवत हाय माजी. हात लावू नगा, चावती."

ती नळी म्हंजे एका भारी पेनाचं अंग हाय. नवाबाच्या खिशात जायचं ते आमच्या आज्जीच्या गळ्यात आलं. ते कसं, ते सांगतो.

रुक्मिण शिरूर अनंतपाळची. नांदेडच्या पिराजी सुताराला दिली, बिजवराला. पिराजीची पहिली बायको सुभद्रा बाळंतपनात गेलती. आता बिजवराला पोरगी दिली की आपल्यात रीत हाय. पहिलीची पुतळी चांदीच्या पतऱ्यावर ठोकून घ्यायची आन दुसरीच्या गळ्यात घालायची. सनाला हळदकुकू आदी पुतळीला, मग सोताला. नवं लुगडं आलं की आदी पुतळीला दाखवायचं, मग नेसायचं. असं केलं की मेलेली सवत खूश ऱ्हाती, संसारात हात घालत न्हाई.

पिराजीनं ती पुतळी केलीच न्हाई. "मेलेल्या मानसाचं सोंग गळ्यात कशाला?" म्हनला.

रुक्मिणचं पहिलं लेकरू पोटातच गेलं. दुसरं पाळन्यात घालायच्या आदी गेलं. साऱ्या नांदेडाला पाळने करून देनारा मानूस, आन त्याच्या घरात पाळना रिकामा. तिसऱ्यांदा दिवस गेले तवा रुक्मिणनं मनात पक्कं धरलं, ही सवतच करून राहिली. पुतळी पायजेच. पन पिराजी आयकंना.

पिराजीचं काम खरादाचं. लाकूड खरादावर धरायचं, दोरी एकानं मागं-पुढं वडायची, लाकूड गरगर फिरतं, दुसऱ्यानं पटाशी लावायची. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घासून घासून लाख पातळ हुती, लाकडाला चिकटती. वरून केवड्याचं वाळलं पान फिरवलं की आरशावानी चमक. दोरी रुक्मिण वडायची. त्यामुळं खरादावर काय चाललंय ते तिला बगायची गरज न्हवती, हाताला कळायचं. पाळन्याचा पाय जड लागायचा, लाटनं हलकं.

तर त्या सालात, निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं बगा, बाजारात रेणुकादासरावाचं कागद-शाईचं दुकान होतं. हे रेणुकादासराव एक दिवस घरी आले. हातात रेशमी रुमाल, रुमालात फुटलेलं पेन.

"पिराजी, हे नवाबसायबाचं. इटलीचं हाय. अंग चिरलंय, पन लिवायचं पातं सोन्याचं, तसंच हाय. पोराच्या लग्नात खिशाला लावायचंय. ह्याला नवं अंग पायजे, आन त्याच्यावर अजिंठ्याची तसवीर. तू तिथं व्हतास म्हनं."

पिराजी खरंच तिथं होता. तरनेपनी. निजाम सरकारनं अजिंठ्याच्या भितीवरची चित्रं नीट करायला इटलीहून कारागीर सायब आनले, तवा त्यांच्या परांच्या बांदायला सुतार गेलते, त्यात पिराजी. सायब चित्रावर पातळ लाख कशी चढवतो, एक हात दिऊन कसा थांबतो, मग दुसरा हात, हे त्यानं परांचीवर बसून बगितलं. सायबाच्या खिशातबी असलंच पेन असायचं. तो म्हनायचा, घाई करनाऱ्याचं चित्र टिकत न्हाई. पिराजीला त्याची भाषा कळायची न्हाई, पन हातानं दाखवलेलं कळायचं.

पिराजीनं पेन घेतलं. खरादावर नळी धरली. रुक्मिणनं दोरी वडली आन तिच्या हाताला कायच लागंना, इतकं हलकं.

"काय करून राहिलाव?"

"पेन."

"पेनाला कोन इतकं नटवतंय?"

पिराजीनं खारीच्या शेपटीच्या केसाचा कुंचला घेतला, आन नळीवर एक बाई उतरायला लागली. काळीसावळी, लांब डोळे, मान एका अंगाला झुकलेली, हातात कमळ. पिराजी तोंड नळीजवळ निऊन, श्वास धरून, एकेक रेघ काढायचा. बायकोकडं इतकं टक लावून त्यानं कदी बगितलं न्हवतं.

रुक्मिणला वाटलं, ही पहिली तर न्हवं? तिनं सुभद्राला बगितलेलं न्हवतं. ती तडक शेजारच्या दानम्माकडं गेली. दानम्मा देगलूरकडची, साऱ्या गल्लीची खबर तिच्यापाशी.

"दानम्मा, सुभद्रा कशी होती गं दिसायला?"

"अय्यो, आता कशाला? काळीच होती. पन डोळे हे असे लांब. आन मान वाकडी करून बगायची बाई, जशी कायम कुनाचं तरी आयकून राहिली."

झालं. रुक्मिणचं डोकं फिरलं. मला पुतळी द्यायची म्हनलं तर सोंग, आन नवाबाच्या खिशात सवत पाठवायला तयार! सवत घराभाईर जानार, परक्याच्या अंगाला लागनार, चिडनार, आन राग कुनावर काडनार? पोटातल्या लेकरावर.

दुसऱ्या दिवशी ती खरादापाशी बसली, पन दोरीला हात लावंना.

"वड की," पिराजी म्हनला.

"न्हाई वडत."

"कामून?"

"हात दुकतेत."

"कालपस्तोर न्हवते दुकत."

"कालपस्तोर मला कुठं म्हाईत होतं खरादावर कोन बसलीया."

पिराजीला कायच कळलं न्हाई. त्यानं दोरी पायाला बांदली, एकट्यानं कसंतरी केवड्याचं पान फिरवलं. चित्रावर लाखेचा शेवटचा हात दिला, आतलं इटलीचं सामान बसवलं, आन पेन कोनाड्यात वाळत ठिवलं. रुक्मिणला ताकीद दिली, "हात लावू नगं. लाख अजून कच्ची हाय."

पिराजी नदीवर गेला आन हिनं पेन उचललं. कपाळाला हळदकुकू लावलं, पेनाच्या कपाळाला. गुळाचा खडा दाखवला. आपलं नवं लुगडं पेटीतून काडून दाखवलं. मग काळा दोरा करकचून बांदला आन पेन चोळीच्या आत. "ऱ्हा हितंच," म्हनली. "माज्या लेकराला हात लावू नगं, मी तुला उपाशी ठिवनार न्हाई."

दोन-तीन रोज पिराजीला पत्ताच न्हाई. तो कोनाड्याकडं बगायचा न्हाई, नजर लागती म्हनून. मग रेणुकादासराव आले. कोनाडा रिकामा. पिराजीनं सारं घर उलटंपालटं केलं, भुसा चाळला, खरादाखाली रांगला.

रेणुकादासराव दारात हुभे. आवाज बारीक झाला त्यांचा. "पिराजी, खरं सांग. कुनाला दिलंस?"

"कुनाला दिऊ? आईची आन."

"सोन्याचं पातं हाय त्यात. नवाबाचा मानूस माज्या दुकानात बसलाय. मी रिकाम्या हातानं गेलो की तो कोतवालीत जानार. आन कोतवालीवाले माजी इज्जत बगतील का तुजी? तुलाच उचलतील."

"तुमीच नेलं नसल कशावरून?" पिराजी भडकला. "परवा आलता की पेन बगायला!"

"अरे जबान सांभाळ!"

रुक्मिण चुलीपाशी. एका हाताखाली पोट, एका हाताखाली पेन. द्यावं तर लेकरू जातंय, न द्यावं तर नवरा जातोय. नवऱ्याचा चेहरा बगितला. असला पांढरा फटक तिनं दुसरं लेकरू गेलं तवा बगितलता.

ती उठली. भाईर आली, पाठमोरी झाली, दोरा तोडला आन पेन रेणुकादासरावाच्या हातात न देता उंबऱ्यावर ठिवलं.

दोगंबी बगतच राहिले. कच्ची लाख तिच्या अंगाच्या ऊबीनं मऊ झालती. चोळीच्या कापडाची वीन तिच्यावर उमटलती, आन वीनीत हळद जाऊन बसलती. अजिंठ्याची बाई गालापस्तोर पिवळी.

रेणुकादासरावानं पेन नाकाजवळ नेलं. "अरे देवा. ह्याला तर देवघराचा वास यिऊन राहिला. हे नवाबाच्या घरी कसं दिऊ?"

"हे काय केलंस तू?" पिराजी भुशातच बसून म्हनला.

"तुमी काय केलं ते आदी सांगा," रुक्मिण म्हनली. "सवतीला नवाबाकडं कामून पाठवायलाव?"

"सवत? कोन सवत? ही डोंगरातल्या भितीवरली बाई हाय, येडे! हजार वर्सं तिथंच हाय. मी बगितली तवा माजं लगीनबी झालं न्हवतं."

रेणुकादासरावानं मान हलवली, खरं हाय म्हनून. दुसरी बाई असती तर तिथंच गप बसली असती. रुक्मिण न्हाई बसली.

"मग लगीन झालं तवा सुभद्राच कामून केली?"

पिराजी भुशात बोट फिरवत राहिला. मग म्हनला, "तिची मान तशी होती."

"बगा! माजा शक खरा!" ती रेणुकादासरावालाच म्हनली, जसं ते पंच हायत. मग नवऱ्याकडं वळली. "आन मला कामून केली?"

"तुजी मान ताठ होती. परत तसली नगं वाटली."

ह्याच्यात तारीफ हाय का टोमना हाय ते तिला मरस्तोवर कळलं न्हाई. मला इचारायची, "तुला काय वाटतंय?"

मग पिराजीनंच पेन उघडलं. सोन्याचं पातं आन आतलं सारं इटलीचं सामान काडून रुमालात ठिवलं. उरली रिकामी नळी. ती त्यानं पुसली न्हाई, खरवडली न्हाई. नवा दोरा ओवला आन आपल्या हातानं बायकोच्या गळ्यात बांदली. "घे तुजी पुतळी," म्हनला.

रेणुकादासरावानं नवाबाच्या मानसाकडून कसाबसा आठवडा मागून घेतला. नवं अंग खरादावर चढलं. रुक्मिण दोरीपाशी बसली, पन अट घालून. "बाई काडायची न्हाई. मी हितंच बसून बगनार." पिराजीनं अजिंठ्याच्या छतावरलं कमळ काडलं. रेणुकादासराव निऊन दिऊन आले आन म्हनले, "पिराजी, नवाब खूश हायत. पन म्हनले, बाई कुठंय?"

"बाई कामात हाय म्हनावं," आज्जी आतून म्हनली.

लेकरू जगलं. तीच माजी आई. पाळना पिराजीनं ती रडली तवाच करायला घेतला, आदी न्हाई. पुढं निजाम गेला, नवाब कुठं गेला म्हाईत न्हाई, पिराजी आज्याबी गेला. नळी गळ्यातच राहिली. आज्जीचं हळदकुकू आज्याबरूबर सुटलं, पन सनाला नळीचं चालूच.

मागच्या महिन्यात आज्जीला शेवटची आंगोळ घालताना आईनं दोरा सोडला. मी पहिल्यांदाच नळी हातात घेतली. हातातलं कमळ तसंच हाय, बोटं तशीच हायत, झुकलेली मान हाय. तोंड मात्र न्हाई. साफ.

"हळदीनं झिजलं," आई रडत म्हनली. "रोज बोट फिरवायची बिचारी."

मी उजेडात धरून बगितलं. "आई, झिजलेलं असं कडंनं नीट आसतंय का? हितं पटाशीची रेघ दिसून राहिली. खरवडलंय हिनं."

आईनं नळी माज्या हातातनं वडून घेतली. रडता रडता हसलीच. "आज्जी गेली म्हनून कोन म्हनतंय," म्हनली. आन दोरा परत आज्जीच्या गळ्यात बांदला, गाठ दोनदा वडून बगितली.