मंगळवारचा खरा दात

गेल्या मंगळवारी सकाळी नासोलोच्या सभाघरात जे झालं त्यातून गाव अजून सावरलेलं नाही. रुसियाते तर नाहीच नाही. परवा त्याने चहात मीठ घातलं, ढवळलं, पिऊन टाकलं आणि वर म्हणाला, "वासेमाथा, आज चहा बरा झालाय." बायकोने कपाळावर हात मारला.

ज्यांनी रुसियातेला पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर वाळूवर पालथी घातलेली होडी उभी केली आणि तिला दाढी लावली की झाला रुसियाते. तरुणपणी रग्बी खेळला, त्यात एक गुडघा गेला. मग खाडीवरच्या हॉटेलच्या पाहुण्यांना बेट दाखवायचा धंदा सुरू केला. जंगलातले पोपट, धबधबा, प्रवाळ आणि शेवटी आम्ही, असा तो चारपदरी कार्यक्रम. पोपटांना तरी उडून जायची मुभा आहे. आम्हाला मंगळवारी धुतलेले सुलू नेसून सभाघरात बसावंच लागतं.

या धंद्याचा खरा जीव होती त्याची मुलगी सेरेइमा. आमच्या तवेउनी बेटाच्या जंगलात नारिंगी कबुतर पानाआड बसून टकटक करत असतं आणि दिसता दिसत नाही. ही पोरगी जिभेने तशीच टकटक करी आणि कबुतर मान वाकडी करून बघायला येई. पाहुणे वेडे व्हायचे. ती गेल्यापासून पक्षी दाखवतो रुसियाते. लाल दिसेल तो पोपट, हिरवं दिसेल ती त्याची बायको.

गेली म्हणजे पळून गेली. बोटीचं इंजिन दुरुस्त करायला कंदावू बेटावरचा नेमानी नावाचा मुलगा आला होता. इंजिन दुरुस्त झालं आणि पोरगी गायब. ना मागणी, ना बोलणी. रुसियातेने रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात, अख्ख्या गावासमोर शपथ घेतली, "मी जिवंत आहे तोवर ती या वाळूवर पाय ठेवणार नाही!"

आता आमच्याकडे अशा गुन्ह्याला औषध आहे. मुलाकडच्यांनी देवमाशाचा दात घेऊन यायचं, तो पुढे ठेवून माफी मागायची. समोरच्याने दात हातात घेतला की गुन्हा पुरला. पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, थडगं उकरल्यासारखं होतं ते. आणि गुन्हा पुरल्याशिवाय पोरीचं मूल आजोळी आणून दाखवता येत नाही. सेरेइमाचा मुलगा आता धावायला लागला होता म्हणे. वासेमाथाने त्याचं नखसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

अडचण अशी की गावाच्या वतीने दात घ्यायचा मान रुसियातेच्याच घराण्याचा. सरदाराच्या वतीने बोलणारं घराणं ते, पिढ्यान्‌पिढ्या. त्याने हात लावला तर लागला. कंदावूचे लोक दोनदा आले. दोन्ही वेळा बोट दिसताच रुसियाते फावडं घेऊन डालोचे कंद खणायला डोंगरावर. मंडळी रिकाम्या चटईकडे बघत बसली आणि निघून गेली.

"कधीतरी तो दात तुझ्या घशात घालीन मी," वासेमाथा म्हणायची.

"घाल. पण हातात घेणार नाही."

त्यात भर कितिओनेची. तो रुसियातेचा मामेभाऊ. अशा भावाला आम्ही तवाले म्हणतो आणि तवालेला टोमणे मारायचा परवाना जन्माबरोबरच मिळतो. पाहुण्यांची गाडी तोच चालवतो. "वा रे तवाले!" तो गाडीतून ओरडायचा. "खरा दात आला की डोंगरावर पळतोस आणि खोटा आला की दाढी विंचरून बसतोस!"

खोटा दात म्हणजे मंगळवारचा. पाहुण्यांनाही सोहळा हवा असतो ना! त्यासाठी रुसियातेने एक प्लास्टिकचा दात आणून ठेवला होता. पाहुण्यांपैकी एखाद्याला कितिओने उभं करायचा, "आजचे सरदार!" म्हणायचा, त्याच्या हातात दात द्यायचा. पाहुणा तो पुढे सरकवायचा, रुसियाते गंभीर चेहऱ्याने घ्यायचा, जुन्या भाषेतले शब्द बोलायचा, आणि पाहुणे शिकवल्याप्रमाणे तळहात पोकळ धरून टाळ्या वाजवून "दिना!" म्हणजे "खरं आहे!" असं ओरडायचे. फोटो, यांगोना या मुळाच्या पेयाची वाटी, आणि चला धबधब्याला.

त्या मंगळवारी हॉटेलची गाडी भरून आली. रुसियाते चटईवर बसला आणि नेहमीचं भाषण ठोकलं, "मित्रांनो, हे नाटक नाही! या चटईवर जे घडतं ते खरंच घडतं!" त्याचं सगळं लक्ष मात्र दाराबाहेर. ओहोटी लागली होती. बोट लवकर निघाली नाही तर प्रवाळावर घासणार. त्यात एक जाडजूड बाई मांडी घालता घालता मागे कलंडत होत्या.

कितिओनेने मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला उठवलं. फुलाफुलांचा शर्ट, काळा चष्मा, डोळ्यांपर्यंत ओढलेली टोपी. सुवा शहरातून सुट्टीला आलेला असेल कुणी, असं रुसियातेने गृहीत धरलं. म्हाताऱ्याने दात पुढे ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. नेहमी ते कितिओने पुटपुटतो. आज पाहुणा स्वतः पुटपुटतोय, याकडे रुसियातेचं लक्ष नाही. आमचं होतं. आमच्या बायका श्वास रोखून बसल्या होत्या. एकीने तर नवऱ्याची मांडी इतकी घट्ट चिमटली की तो अजून वळ दाखवत फिरतो.

रुसियातेने हात लांबवला. तोंड आपोआप चालू झालं, "या दाताला मी हात लावतो. याच्याबरोबर जे आलं ते स्वीकारलं. जमीन जगो, माणसं जगोत."

"दिना!" पाहुणे गरजले. टाळ्या. खटाखट फोटो.

आणि मग दात जड लागला.

रुसियातेने खाली पाहिलं. खोबरेल चोळून चोळून पिवळाजर्द झालेला, काथ्याची जुनी दोरी, वास पेटीतल्या जुन्या चटईचा. खरा देवमाशाचा दात! दाढीतून घाम गळायला लागला. म्हाताऱ्याने टोपी काढली, चष्मा काढला. नेमानीचा थोरला काका!

"परत घे," रुसियातेने दात त्याच्यापुढे धरला.

"कसा घेऊ? तू हात लावलास."

"मी प्लास्टिकच्या दाताला हात लावला! ही फसवणूक आहे! हे... हे मंगळवारचं नाटक आहे!"

कोपऱ्यातून वासेमाथा म्हणाली, अगदी शांतपणे, "आत्ताच तर सांगितलंस, या चटईवर जे घडतं ते खरंच घडतं म्हणून. पाहुण्यांशी खोटं बोलत होतास का इतके दिवस?"

रुसियातेने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कितिओने छताचे वासे बघण्यात गुंग. बायका पायाच्या अंगठ्याकडे बघतायत. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, सगळ्या गावाला ठाऊक होतं! त्याचा हात वर गेला. दात भिरकावतोय की काय! आमच्या तोंडचं पाणी पळालं. देवमाशाचा दात भिरकावलेला आजवर कुणी ऐकलेला नाही. तसं झालं असतं तर कंदावू आणि नासोलोने नातवंडांपर्यंत एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. पाहुण्यांना वाटलं हाही सोहळ्याचा भाग. त्यांनी आणखी फोटो काढले.

हात वर तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. त्याने दात चटईवर ठेवला, पण इतक्या जपून की पाळण्यात मूल ठेवावं.

"कुठे आहे ती?" त्याने विचारलं.

"बोटीत," म्हातारा म्हणाला. "वाळूवर पाय ठेवणार नाही म्हणते. ताताने शपथ घेतली आहे म्हणे."

रुसियाते उठला. गुडघा कटकन वाजला. तो तडक किनाऱ्यावर गेला, मागे आम्ही, आमच्यामागे पाहुणे. पाण्यात बोट डुलत होती. छत्रीखाली सेरेइमा, तिच्या मांडीवर पोरगं. इंजिनापाशी नेमानी, वाळलेल्या मासळीसारखा ताठ.

रुसियाते गुडघाभर पाण्यात उभा. या दिवसासाठी त्याने केवढ्या शिव्या साठवल्या होत्या! डालो खणताना तो त्या मोठमोठ्याने घोकत असे, आम्ही खालून ऐकत असू. आता त्यातली एकही चालणार नव्हती. गुन्हा पुरला होता.

"ओहोटी लागलीय," तो शेवटी म्हणाला. "बोट घासेल. या लोकांना कबुतर दाखवून आण. मला ते मेलं दिसत नाही."

"ताता," सेरेइमा म्हणाली.

"ताता काय ताता! उतर. किती वेळ पाण्यात उभं करणार आहेस बापाला?"

तिने पोर पुढे केलं. रुसियातेने दोन्ही हात पसरले. पोराने ती दाढी पाहिली, पाहुण्यांसाठी गालांवर ओढलेले काजळीचे जाड पट्टे पाहिले, गळ्यातल्या डुकराच्या सुळ्यांची माळ पाहिली, आणि अशी किंकाळी फोडली की माडावरची वटवाघळं उडाली. आईच्या गळ्याला जे चिकटलं ते सुटेचना. वासेमाथाकडे मात्र चटकन गेलं. ती त्याचं डोकं हुंगत, रडत, घराकडे चालती झाली. नवऱ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

सेरेइमा पाहुण्यांना घेऊन जंगलात गेली. कितिओने म्हणाला, "चल तवाले, यांगोना घे. रंग उडालाय तुझा."

"उडाला असता तर बरं झालं असतं," रुसियाते म्हणाला. त्याने गळ्यातली माळ काढून कितिओनेच्या अंगावर फेकली, उथळ पाण्यात बसकण मारली, आणि ओंजळ ओंजळ वाळू घेऊन गाल खसाखसा घासायला लागला.