एका डोळ्याचा बैल

आमच्या व्याह्यांच्या खापरपणजोबांनी माझ्या खापरपणजोबांना एका डोळ्यानं आंधळा बैल विकला. ही फसवणूक मला सांगितली कुणी? खुद्द व्याह्यांनीच, आणि तीही पेढे घेऊन येऊन.

असा माणूस साऱ्या कोल्हापुरात दुसरा नाही. या वयात लोक गुडघे सांभाळतात, हे पूर्वज सांभाळतात. शाहूवाडीकडच्या त्यांच्या गावात सुगीनंतर हेळवी येतो, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपून दारोदारी म्हणून दाखवणारा. बाकीची घरं त्याला पायलीभर भात देऊन वाटेला लावतात. आमच्या व्याह्यांनी त्याला घरी ठेवून घेतला आणि खापरपणजोबांचं सगळं आयुष्य वदवून घेतलं. तेव्हापासून लग्नाला गेले की नवरा-नवरी सोडून आचाऱ्याचं मूळ गाव विचारत बसतात. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर म्हणाले, आमच्या घराण्यात ते पहिल्यापासूनच जास्त हाय. मंगळवार पेठेत माझ्याकडे यायला निघाले की वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराचा आजा-पणजा काढत येतात; जेवायला बोलावलं तर चहाच्या वेळेला पोचतात.

बैलाची हकीकत ऐकून माझं डोकं फिरलं. जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा मी शून्यातून उभा केलाय. इंजिनाच्या आवाजावरून मालकाचं खोटं ओळखतो. आणि आमच्याच घरात आंधळा बैल?

"आमच्या म्हाताऱ्याला डोळा दिसला कसा न्हाई?" मी विचारलं.

"दिसंल कसा? सौदा हुईस्तोवर आमचं म्हातारं त्याच बाजूला उभं राहून बैलाचं कपाळ खाजवत हुतं की," व्याही अभिमानानं म्हणाले.

"मग बैल बदलून द्या."

"देतो की. पर तुमच्या म्हाताऱ्यानं दिलेला रुपया खोटा निघाला हुता, तेवढा आधी बदला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. आमचं घराणं अगदीच भोळं नव्हतं तर! पण सौदा पक्का केल्याशिवाय मला झोप लागत नाही. हे हेळव्यानं सांगितलं की तुम्ही आत्ता जुळवलं, असं मी दरडावून विचारलं. त्यांनी शेवटचा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "येत्या सुगीला त्यालाच इचारू."

सुगी झाली, हेळवी येऊन गेला. व्याही मात्र गुडघ्याचं ऑपरेशन करून गावीच बसलेत. फोन केला तर म्हणतात, असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. पेठेतले दुकानदार मला विचारतात, पावणं कुठं हायत?

रुपया खोटा होता की माझं मन राखायला रचला होता? पावण्यांनी समोर येऊन जाब द्यावा. जेवण आम्ही चहाच्या वेळेला वाढू.