घावन जिकडे धावेल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते घावनाचं. लंडनच्या क्रॉयडनला, घराच्या दारात. दुसऱ्या दिवशी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन निघायचं होतं म्हणून बायको आतली शेगडी पेटवून बघत होती. तव्यावर पीठ ओतायचं, ते जिकडे धावेल ती बाजू खाली, ही कॅरॅव्हॅन सपाट उभी आहे का ते बघायची तिची पद्धत. मी बाहेर पुढच्या छोट्या चाकाचा दांडा धरून उभा. दांडा फिरवला की कॅरॅव्हॅनचं नाक वरखाली होतं. ती खिडकीतून ओरडायची, "अहो, पुढे पळतंय! अजून दोन फेरे!" घावन गोल पडलं की, "बसली!"

त्या दिवशीही बसली. खाल्लं, भांडी धुतली. पहाटे ती गेली. झोपेतच, हार्टने. मला कळलंसुद्धा नाही.

मी सातवी शिकलेला. ती नर्स. तिच्या नोकरीमागे इकडे आलो आणि हॉस्पिटलची लाँड्री व्हॅन चालवली. लिहायची सवय नाही, झालं ते सांगतो.

सहा महिन्यांनी मुलगा म्हणाला, "बाबा, कॅरॅव्हॅन विकू या आता. एकट्याने उभी करणं तुम्हाला जमायचं नाही. शनिवारी एक जण बघायला येतोय."

"आधी उभी करून तर बघू दे. नाही जमली तर विक."

दुसऱ्याच दिवशी गाडीला जोडली आणि निघालो, आम्ही जाणार होतो त्याच किनाऱ्याला. तिने तो टीव्हीवर पाहिला होता. "इंग्लंडात वाळवंट? थापा मारतात मेले. दाखवा मला."

थापा नव्हत्या. एक वळण घेतलं आणि झाडं संपली. नुसते गोटे, नजर जाईल तिथवर. मध्येच खुरटी झुडपं, टोकाला समुद्र. मी गाडीत एकटाच ओरडलो, "बघ गं, आहे की नाही!" पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा छाती धडधडली होती, तशी धडधडत होती.

जागेवर लावली, गाडी सोडवली. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधला गोरा म्हातारा, त्या वाऱ्यात हाफ पँटवर, सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी घेऊन आला. "नीड अ हँड, मेट?"

"नो थँक यू. आय हॅव बॅटर."

घावनाचं पीठ म्हणायचं होतं मला. तो बघतच राहिला.

जन्मात घावन घातलं नव्हतं. पहिलं तव्याला चिकटलं. दुसरं पुढे धावलं. गॅस बारीक केला, बाहेर पळालो, तीन फेरे दिले, आत पळालो. तिसरं पुन्हा पुढेच! बाहेर बघतो तर चाक गोट्यांत रुतलेलं. जेवढं वर घेतलं तेवढं खाली गेलं. शिव्या घातल्या. कॅरॅव्हॅनचे पुढचे लोखंडी पाय टेकवले, चाक उचललं, खाली फळी सारली. आत. चौथं मागे पळालं. बाहेर. एव्हाना त्या म्हाताऱ्याची बायको खुर्ची टाकून चहा घेत बसली होती. मी दारातून उतरलो की "अगेन?" म्हणून ओरडायची.

सहावं ओतलं. पीठ चारी बाजूंनी सरकलं आणि थांबलं. गोल. अगदी गोल!

"बसली!" मी खिडकीतून असा ओरडलो की त्या बाईच्या हातातला चहा सांडला. मग दोघांनी टाळ्या वाजवल्या. एकेक घावन त्यांना दिलं. मीठ घालायचं राहिलं होतं, पण दोघांनी निमूट खाल्लं बिचाऱ्यांनी.

डोळे पुसून मुलाला फोन लावला. "त्या माणसाला येऊ नको म्हणावं."

"बाबा, नक्की?"

"सहाव्याला बसली."

"काय सहाव्याला?"

"आईला ठाऊक होतं काय ते. तू फोन ठेव."

सकाळी पुन्हा पीठ भिजवलं, मीठ घातलं. रात्रीतून गोटे खचले असणार, पहिलंच घावन दाराकडे पळालं. गॅस बारीक केला, दुसरी फळी काखेत मारली आणि बाहेर पडलो.