डोळे मिटून घरखर्च

चित्रकलेच्या सरांनी फळा पुसला तो निव्वळ चांगुलपणाने. रिकामा तास, खिडकीतून आलेलं आळसावलेलं ऊन, हातात ओलं फडकं. माणसाने करायचं तरी काय? फळा लख्ख झाला, तेव्हा कोपऱ्यातलं 'पुसू नये' त्यांना दिसलं. तेवढंच शिल्लक होतं.

नववीच्या मुलांनी आठवडाभर दुकानं पालथी घालून आणलेले सत्तर वस्तूंचे भाव फडक्यात जमा झाले होते. आणि पुढच्याच तासाला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, येऊन ठरवणार होत्या, की घरखर्चाचा हा तास चालू ठेवायचा की विज्ञानाच्या उजळणीला द्यायचा.

हा तास घेणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'कितीला बाई' म्हणत. कुणी नवी पेन्सिल काढली, की त्यांचा पहिला प्रश्न, "कितीला?"

"बाई, माझ्या हातून जरा..." सर पुटपुटले.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "छान पुसलाय. आता मागे बसा, आणि कशालाही हात लावू नका."

मोठ्या बाई येऊन सरांशेजारीच टेकल्या.

"डोळे मिटा," कितीला बाई म्हणाल्या. "तुम्ही पंचवीस वर्षांचे झालात. पहिला पगार, पहिलं भाड्याचं घर. कुलूप काढा. काय दिसतंय?"

वर्ग निवांत झाला. खडूची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिली. चाळीस मुलं चाळीस घरांत शिरली. सरही शिरले. त्यांच्या घराला भिंती कमी आणि खिडक्याच फार.

"सोफा!"

"भिंतभर टीव्ही!"

"गॅलरीत झोपाळा!"

"आणि अंघोळीची बादली?" बाईंनी विचारलं.

कुणाच्याच स्वप्नात बादली नव्हती. खसखस पिकली, पण डोळे मिटलेलेच. बाईंना तरी हे कुठे वेळेवर सुचलं होतं? लग्नानंतर नवरा-बायकोने हप्त्यावर आरशाचं कपाट आणलं आणि महिनाभर पातेल्याने अंघोळ केली. आरशात दोघं झकास दिसत, एवढंच. हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत, म्हणून मुलांना त्यांचं पटायचं.

"बादली कितीला?"

"झाकणाची की बिनझाकणाची?" एका मुलीने मिटल्या डोळ्यांनीच हुज्जत घातली. शेजारच्याने भाव सांगताच ती फिस्कारली, "मी तीन दुकानं फिरलेय, मला शिकवू नकोस!"

मग झाडू आला, पायपुसणं आलं, गॅस, साबण, जास्तीचा दिवा. फळा कोरा होता, पण भाव पोरांना तोंडपाठ होते. एकेका घरातून सोफे हळूच उठून बाहेर गेले. झोपाळा मात्र एकाने हट्टाने ठेवला, "चहा सोडतो, पण हा राहू दे!"

"माझ्या घरात एकच खुर्ची आहे," अचानक मागून संथ आवाज आला. मोठ्या बाईंचेही डोळे मिटले होते. "वर पंखा. शाळेची घंटा ऐकू येत नाही. कुणी सही मागत नाही..."

"बाई, पंख्याचं वीजबिल धरलंत का?" पुढच्या बाकावरून विचारणा झाली.

मोठ्या बाई दचकून जाग्या झाल्या. क्षणभर त्यांना आपण कुठल्या घरात आहोत तेच कळेना. मग त्या हसल्या आणि उठल्या. "विज्ञानाची सोय दुसरीकडे लावू. हा तास राहू दे."

मुलं गेली, तरी सर आपल्या खिडक्यांतच रेंगाळत होते. "बाई," ते तरंगतच म्हणाले, "तास मिळाला. आता आणखी काय हवं तुम्हाला?"

"पुसलेला फळा पुन्हा भरायला तुमचा शनिवारचा तास."