पिशव्यांजवळची जागा

मागच्या वर्षी उस्मानपुऱ्यातल्या आम्ही अकरा बायका कोकणात डॉल्फिन बघायला गेलो. होडीत दहाच जागा निघाल्या. माझी मोठी जाऊ म्हणाली, "हिला समुद्राचं काय कौतुक? ही बसंल पिशव्या सांभाळत." मी दीड तास खडकावर अकरा पिशव्यांजवळ बसले. परतल्यावर तिनं मला डॉल्फिनची उडी हातानं करून दाखवली, तीनदा.

यंदा सहलीची यादी मी केली. उलटीच्या गोळ्या, पाणी, फराळ, सगळं लिहिलं आणि होडी मुद्दाम तीच ठरवली. धक्क्यावर नावं वाचली. दहावं माझं होतं.

"आणि मी?" जाऊनं विचारलं.

"तुम्ही पिशव्यांजवळ, जाऊबाई. उन्हासाठी टोपी आणलीय तुम्हाला."

कड्याच्या वळणावर पाच डॉल्फिन दिसले. परतल्यावर मी तिला पाचही उड्या हातानं करून दाखवल्या, सावकाश.