उतरता खांदा

टेलरमावशीला माणसं पाठीवरून कळत. चेहरा शिवता येत नाही, म्हणून तो तिच्या लेखी बिनकामाचा. समोरून कुणी नमस्कार केला की ती गोंधळे. तोच पाठमोरा झाला की त्याचं नाव आणि मागच्या वर्षी सुटलेलं पोट दोन्ही आठवत.

म्हणून सोनाराचा खून झाला त्या संध्याकाळी, त्याच्या दुकानातून थैली घेऊन पळणाऱ्या माणसाला पाहून ती तिथल्या तिथे म्हणाली, हा तर आपला रंगारी. घरं रंगवणाऱ्या या गिऱ्हाइकाचा उजवा खांदा जन्मापासून उतरता. त्याचे सदरे ती तसेच बेतत आली होती. कोर्टात विचारलं, ओळखता का? ती म्हणाली, चांगली ओळखते. रंगाऱ्याला वकील सरकारने दिलेला. त्याने उलटतपासणीत तेव्हा किती वाजले होते एवढं विचारलं आणि तो खाली बसला. निकालपत्रात मावशीची साक्ष निर्भीड आणि निःसंदिग्ध ठरली. रंगाऱ्याला फाशीची शिक्षा झाली.

अपील गेलं, दयेचा अर्ज गेला, तारीख ठरली. त्याच आठवड्यात मावशीने जिना चढणाऱ्या एका बाईला खालून हटकलं, कोण हो तुम्ही, कुणाकडे जायचंय?

बाई वळली. ती सून होती, हातात पाण्याचा कॅन. "अहो आई, सकाळी चहा मीच दिला ना तुम्हाला?"

मावशी हसली नाही. सुनेचे खांदे तिने स्वतः मापले होते, अगदी सरळ. ओझ्याने एक खाली गेला होता. जन्मभर तिने मापं घेतली ती हात मोकळे सोडून ताठ उभ्या असलेल्यांची. थैली घेतलेला माणूस तिच्या टेपखाली कधी आलाच नव्हता.

धाकटे दीर कोर्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे कायदा अंगात मुरलेला. वहिनी, साक्ष फिरवलीत तर तुम्हालाच आत टाकतील, असं त्यांनी बजावलं. "आणि तो आपला कोण लागतो?"

"गिऱ्हाईक," मावशी म्हणाली.

वरच्या कोर्टात ती उभी राहिली तेव्हा फाशी दुसऱ्या दिवशी पहाटे होती. सरकारी वकिलांनी विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तेव्हाही नाही, आजही नाही."

"चेहरा पाहिला, असं इथे लिहिलंय."

"ते तुम्ही लिहिलंत. मी पाठ पाहिली."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. हे आधी का सांगितलं नाही?

"कुणी विचारलं नाही, साहेब. आणि मलाही वाटायचं, पाठ म्हणजेच माणूस."

फाशीला तूर्त स्थगिती मिळाली. खटल्याची फेरतपासणी व्हायची होती. मावशीला खोट्या साक्षीबद्दल नोटीस निघाली. चूक चारचौघांनी मिळून केलेली, नोटीस मात्र एकटीला.

बाहेर रंगाऱ्याची आई उभी होती. तिने आभार मानले नाहीत. "इतकी वर्षं काय करत होतीस गं?"

"शिवत होते."

हुकूम संध्याकाळच्या आत तुरुंगात पोचायला हवा होता. सही झाली होती, शिक्का राहिला होता, आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेला होता. दोघी दाराकडे बघत राहिल्या. बाकावर जागा होती. बसलं कुणीच नाही.